मलाको म्हणजे दूध

सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आमचे हे उद्यमनगरात, ऑइल इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. मालकांनी रशियाहून एक मोठं यंत्र मागवलं होतं आणि ते चालवायला शिकण्यासाठी एका कामगाराला सहा महिने तिकडे पाठवायचं चाललं होतं. आपलं नाव विचारात आहे असं यांना कळलं आणि त्याच आठवड्यात यांनी संध्याकाळच्या रशियन वर्गात नाव घातलं.

वर्ग एका छापखान्याच्या माडीवर भरायचा. शिकवणारे मास्तर चार वर्षं रशियात राहून आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की, तिकडे गेल्यावर पहिला महिना मी नुसत्या उकडलेल्या बटाट्यांवर काढला, कारण दुसऱ्या कशाचंच नाव मला येत नव्हतं. तेव्हा आधी खाण्याचे शब्द शिका, व्याकरण मागाहून बघू. यांना हे मनापासून पटलं. भूक लागली की यांचं डोकं चालत नसे, आणि परमुलखात उपाशी राहण्याची यांना यंत्रापेक्षाही जास्त धास्ती होती.

पण शब्द काही यांच्या डोक्यात टिकेनात. वर्गातून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत सायकल येईस्तोवर निम्मे गळून पडलेले असायचे. मी मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं. यांच्या वहीतून मी एकेक शब्द देवनागरीत कागदाच्या पट्टीवर उतरवला आणि खळ लावून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवला. मिठाच्या बरणीवर ‘सोल’. कांद्याच्या टोपलीला ‘लूक’. बटाट्याला ‘कार्तोश्का’, कोबीला ‘कपूस्ता’. लोण्याला ‘मास्ला’ म्हणतात हे लिहिताना मी दोनदा वही तपासली, कारण मला तो मसाल्याचाच डबा वाटत होता. साखरेच्या डब्यावर काय लिहायचं विचारलं तर हे म्हणाले, साखर. तिकडेही साखरच म्हणतात, फक्त ‘ख’ जरा घशातून काढायचा.

माझ्या सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान असा की एकदा ऐकलेलं विसरायच्या नाहीत. आम्ही दोघं घोकत असताना त्या भाकरी थापत ऐकत असायच्या.

“दुधाला काय म्हणत्यात म्हणालास?” एकदा त्यांनी यांना विचारलं.

“मलाको.”

“मग दूध नको असलं तर काय म्हणायचं?”

हे वही चाळायला लागले. मी तव्याकडे तोंड करून हसत राहिले. दुसऱ्या दिवशी गवळी दारात आल्यावर आत्तींनी आतून नुसताच आवाज दिला, “मलाको!” गवळी बिचारा ‘मला नको’ असं समजून परत निघाला. त्याला बोलावून आणायला मला गल्लीच्या तोंडापर्यंत पळावं लागलं.

अडलं ते एका शब्दाशी. भाकरी-पावाला तिकडे ‘ख्लेप’ म्हणतात. त्यातला तो ‘ख’ आमच्या घरात कुणालाच जमेना. आमच्या शेजारी एका मुसलमान कुटुंबाची बेकरी होती. तिथल्या म्हाताऱ्या मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. एकदा पाव आणायला गेले असताना मी त्यांना आमची अडचण सांगितली. त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि तिसऱ्यांदा स्वतः असा म्हटला की मास्तरांनाही म्हणता आला नसता. ‘खबर’, ‘खुशी’ म्हणताना जो घशातून निघतो तोच हा ‘ख’, असं ते म्हणाले. मग रोज पाव देताना ते माझ्याकडून तो शब्द म्हणवून घ्यायचे आणि नीट जमला तरच पाव पिशवीत टाकायचे.

महिना-दीड महिना असा हसतखेळत गेला. मग एका शनिवारी हे कारखान्यातून लवकर आले आणि पायताण काढून तसेच उंबऱ्यावर बसले. रशियाला जायला दुसऱ्याच एका माणसाची निवड झाली होती. तो यांच्याहून जुना कामगार होता, हुशार होता, त्यामुळे मालकांना बोल लावायलाही जागा नव्हती. यांनी वही फळीवर सर्वांत वर टाकली आणि वर्गाला जाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती मला सवयीनं म्हणाल्या, “जरा सोल दे गं.” यांनी कपाळाला आठी घातली आणि बाहेर निघून गेले. पण आम्हा दोघींना आता ते शब्द सोडवेनात. आम्ही ते यांच्या माघारी बोलायचो.

चार महिन्यांनी यंत्र आलं आणि ते बसवायला एक रशियन मेकॅनिकही आला. चाळिशीचा, धिप्पाड, भुवयासुद्धा पांढुरक्या. त्याच्याबरोबर एक दुभाष्या होता, पण आठ दिवसांत त्याच्या वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि तो मुंबईला निघून गेला. पाहुणा एकटा पडला. लॉजवरचं तिखट त्याला सोसेना. केळी आणि बिस्किटं खाऊन तो दिवसभर लोखंडाशी झटत होता. मालकांना आठवलं की आपल्या एका फिटरनं रशियन शिकायला घेतलं होतं. त्यांनी यांना बोलावून सांगितलं, की याला आज घरी नेऊन काहीतरी खायला घाल.

हे पाहुण्याला घेऊन आले ते पाचच्या सुमाराला, आधी काही न कळवता. दारात तो वाकून आत आला तरी चौकट कपाळाला लागलीच. योगायोगानं मी त्या दिवशी बटाटेवडे तळत होते. आत्तींनी त्याला पाटावर बसवलं, पुढं ताटली ठेवली आणि कौतुकानं शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचाही वाढला. मी नको-नको म्हणेपर्यंत त्यानं तो वड्याला भरपूर लावून घास घेतला होता.

त्याचा चेहरा बघता बघता लाल झाला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“वदा,” तो कसाबसा म्हणाला. “वदा!”

आत्तींचा चेहरा उजळला. “आवडला की पावण्यास्नी,” असं म्हणून त्यांनी कढईतला गरम वडा त्याच्या ताटलीत टाकला. तो हात हलवायला लागला, पुन्हा ‘वदा’ म्हणाला, तशी आत्तींनी आणखी एक टाकला. हे नुसते उभे. इतक्या शब्दांत पाण्याचा शब्द यांच्या वहीत उतरलाच नव्हता. शेवटी पाहुणा स्वतःच उठला, कोपऱ्यातल्या माठापाशी गेला, तांब्याभर पाणी घटाघटा प्याला आणि तांब्या आम्हाला दाखवत दमल्या आवाजात म्हणाला, “वदा.”

मग सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला. ताटलीतला वडा उचलून त्याला दाखवत त्या म्हणाल्या, “आमच्यात वडा ह्यो.” तो क्षणभर बघत राहिला आणि असा हसला की शेजारून चाचा काय झालं म्हणून डोकावले. आत्तींनी त्याच्यापुढं दुधाचा पेला धरला आणि म्हणाल्या, “मलाको.” तो हसायचा थांबला. मग तो उठून डब्यांसमोर उभा राहिला. पट्ट्यांवरची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. मी एकेक डबा उघडून दाखवत शब्द म्हणत गेले आणि तो ते सुधारत गेला. ‘ख्लेप’ला मात्र त्यानं मान डोलावली. दारातले चाचा शिकवणी आपली असल्यासारखे छाती काढून घरी गेले.

त्या दिवसापासून दीड महिना तो रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवला. त्याच्यासाठी बिनतिखटाचं वेगळं करायचं म्हणजे दूध-भात, उकडलेली कार्तोश्का, दह्याचा चक्का. चक्क्यावर तो फार खूश असायचा. एका रविवारी त्यानं आमच्या चुलीवर स्वतः पातळ पिठाचं काहीतरी घातलं. आत्तींनी ते उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तर आपलं धिरडंच हाय की.” हे आधी गप्प असायचे. पण पाहुणा यांना ताटावर बसूनच यंत्राचं काम समजावून सांगायला लागला, चमचे-वाट्या मांडून, आणि हळूहळू यांची जीभ मोकळी झाली. वही फळीवरून खाली आली.

पाहुण्याची एक सवय आत्तींनी हेरली होती. जेवण झालं की तो ताटातला भाकरीचा कण न् कण बोटानं टिपून खायचा. एकदा त्यांनी त्याला आणखी भाकरी वाढली, तर त्यानं हात आडवा धरला, पोट भरल्याची खूण केली आणि पुन्हा कण टिपायला लागला. आत्ती समोर बसल्या आणि त्यांनी त्या कणांकडे बोट दाखवलं.

त्यानं जमिनीपासून दोन-अडीच हात उंच हात धरला, म्हणजे एवढा असताना. मग म्हणाला, “ख्लेप न्येत. मलाको न्येत. मास्ला न्येत.” न्येत म्हणजे नाही, हे आम्हाला माहीत होतं. त्यानं बंदुकीची खूण केली, मग घरची माणसं बोटांवर मोजली, ती चार झाली आणि त्यातली तीन बोटं मिटली. त्याला जास्त काही सांगायला लागलं नाही. आमच्याजवळ होते तेवढे शब्द त्या गोष्टीला पुरले.

आत्तींनी उरलेल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या. “सकाळी खा,” असं मराठीतच म्हणाल्या. त्यानं त्या नेल्या. पुढं जायच्या दिवसापर्यंत ते फडकं रोज भरलेलं जायचं आणि धुऊन घडी घातलेलं परत यायचं.

यंत्र सुरू झालं. जाताना पाहुण्यानं मालकांना, मुंबईहून परत आलेल्या दुभाष्याकरवी, सांगितलं की रशियाला गेलेला माणूस परत आला तरी या फिटरलाही या यंत्रावर ठेवा, याला ते समजलं आहे. मालकांनी ऐकलं. हे रशियाला कधीच गेले नाहीत, पण निवृत्त होईपर्यंत त्याच यंत्रावर राहिले.

आणि मी, पाहुणा गेल्यावर महिन्याभरानं, यांना विचारून छापखान्याच्या माडीवरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मी एकटीच बाई. मास्तरांनी विचारलं, काय काय येतं? मी उभी राहून खाण्याचे सगळे शब्द एका दमात म्हणून दाखवले. मास्तर म्हणाले, “बाई, तुम्ही तिकडे उपाशी मरणार नाही. आता क्रियापदं घेऊ.” क्रियापदांनी मला फार छळलं. परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. निकालाच्या दिवशी हे खाली सायकल धरून उभे होते, आणि मी जिना उतरायच्या आतच हे मला ओरडून विचारत होते, की पास का नापास.