एका संगमावरचे चार निबंध

माझ्या पदवीविषयी आमच्या भावकीत एक कथा सांगितली जाते, आणि ती मुळापासून खोटी आहे. माझे धाकटे बंधू ती लग्नाच्या पंगतीत सांगतात, सत्यनारायणाला सांगतात, आणि गेल्या दिवाळीत तर त्यांनी ती माझ्याच ओसरीवर बसून माझ्याच नातवंडांना सांगितली. "तात्यांची बी.ए. म्हंजी कागद तात्यांचा आन् डोकं पोरीचं. ती लिवायची, ह्ये निसती सही ठोकायचे." सगळे हसले. मी हसलो नाही. बंधू फारसे वाचत नाहीत, त्यामुळे हे लिखाण त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी ती कथा ऐकली आणि खरी मानली, त्यांच्यासाठी आहे.

जे खरे आहे ते आधी मांडतो. नव्वदच्या दशकात, चाळिशी मागे टाकल्यावर, मी बारामतीच्या एका महाविद्यालयात कला शाखेला रीतसर प्रवेश घेतला. माझी मुलगी त्याच वर्गात होती, हेही खरे. शेळगावहून सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघे निघायचो. ती मुलींच्या बाकांवर पुढे बसायची, मी मागे खिडकीपाशी. दुपारी परतून मी गावच्या विकास सोसायटीचे दप्तर उघडायचो. तिथे मी सचिव होतो, आणि सभांची इतिवृत्ते लिहिणे हे माझे अनेक वर्षांचे काम होते. माझे अक्षर आणि माझी भाषा यांबद्दल लेखापरीक्षकानेही कधी तक्रार केली नव्हती.

म्हणूनच इतिहासाच्या सरांनी पहिले ट्यूटोरियल दिले तेव्हा मी बेफिकीर होतो. मराठी सत्तेच्या ऱ्हासाची कारणे लिहायची होती. मी जसे लिहीत आलो होतो तसे लिहिले. प्रत्येक कारणाला विषय क्रमांक दिला. त्याखाली 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन' अशी सुरुवात केली आणि शेवटी उपस्थितांचे आभार मानले. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "एकूण, पेशवाईचा ऱ्हास सर्वानुमते मंजूर झालेला दिसतो."

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "तात्या, कोरम हुता का?" दुसरा म्हणाला, "इंग्रज अनुमोदक हुते जणू!"

बंधूंच्या कथेनुसार मी त्या दिवशी खचलो आणि तिथून पुढे लेखणी मुलीच्या हाती गेली. मी खचलो नाही. मी चिडलो. खचणे आणि चिडणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने माझ्याविषयी बोलू नये.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा झाली. कर्जवाटपाच्या क्रमावरून दोन गट एकमेकांच्या अंगावर गेले, एकाने खुर्ची उचलली, आणि चहा येईपर्यंत कोणी कोणाचे ऐकून घेतले नाही. रात्रीच्या जेवणाआधी मी इतिवृत्त लिहायला बसलो आणि सवयीने लिहिले, 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' लेखणी तिथेच थांबली. इतिवृत्ताचे सारे कौशल्य भांडण झाकण्यात असते. निबंधाला मात्र भांडणच हवे असते. कोण काय म्हणतो, त्याला आधार काय, दुसरा त्याला का मानत नाही, आणि लिहिणारा कोणाच्या बाजूने उभा आहे. भांडण मांडायचे असेल तर पंचक्रोशीत माझ्याइतका लायक विद्यार्थी कोण होता?

त्यानंतर मी प्रत्येक विषयाचे भांडण वेगळे ओळखले. इतिहासात ते पुराव्यावरून असते. 'याला आधार सापडत नाही' हे वाक्य लिहिताना मला मंत्र्याच्या सहीइतका रुबाब वाटे. अर्थशास्त्र आधी व्याख्या मागते, मग आकृती, आणि विशेषणाला दारात उभे करत नाही. भूगोलात जे पाहिले ते कोणत्या दिशेला पाहिले हे सांगावे लागते. मराठीचे रसग्रहण सर्वांत कठीण, कारण तिथे 'आम्ही' चालत नाही, 'मी' लिहावे लागते, आणि सचिवाने जन्मात 'मी' लिहिलेला नसतो. मी लिहिण्याच्या चारही रीती शिकलो. दुपारी कचेरीत कोणी नसले की एकाच गोष्टीवर चार-चार परिच्छेद लिहून फाडून टाकायचो.

आणि या कष्टांचे फळ म्हणून माझ्यावर आरोप आला.

सत्राच्या शेवटी सर्व विषयांची ट्यूटोरियल्स एकत्र तपासली गेली. इतिहासाच्या सरांनी मला प्राध्यापकांच्या खोलीत बोलावले. टेबलावर माझे चार निबंध पसरलेले होते.

"हे चार माणसांनी लिहिलेले आहेत," सर म्हणाले. "अक्षर तुमचे आहे, लेखन तुमचे नाही. तुमची मुलगी वर्गात आहे. ती हुशार आहे. बाप म्हणून तुम्ही तिला सांगितले असेल, तिने लिहून दिले असेल."

"आणि तसे ठरले तर?"

"दोघांचेही सत्राचे गुण जातील."

माझे गुण गेले असते तर मी पुन्हा वर्ष काढले असते. सचिवाची नोकरी शाबूत होती. पण मुलीच्या लग्नाचे बोलणे घरात सुरू झाले होते. बंधूच म्हणत होते, "पोरगी शिकून काय कलेक्टर हुणार हाय व्हय?" तिच्यावर नकलेचा ठपका आला असता, तर तिचे महाविद्यालय त्याच दिवशी संपले असते. हे सरांना ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही. दयेवर सुटायचे नव्हते.

"आत्ता विषय द्या," मी म्हणालो. "इथे बसून लिहितो. चारही विषयांचे."

सरांनी थोडा विचार केला. "तुमच्या तालुक्यातलेच देतो. नीरा-भीमेचा संगम."

मुलीला ग्रंथालयात बसवले गेले. मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. भूगोलासाठी लिहिले, की नीरा पश्चिमेकडून येते, भीमेला मिळते, आणि पाण्याचा जोर ज्या काठावर तो काठ खचतो. शेजारी पेन्सिलीने नकाशा काढला. अर्थशास्त्रासाठी संगमावरच्या नरसिंहपूरच्या यात्रेतली हंगामी मागणी घेतली, नारळवाले आणि होडीवाले घेतले. इतिहासासाठी तिथल्या देवळाविषयी पुजारी काय सांगतात ते एका बाजूला ठेवले, दगडी बांधकाम काय सांगते ते दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंत न मिटणारे भांडण तसेच राहू दिले. मराठीसाठी थोडेच लिहिले. आईच्या अस्थी त्या पाण्यात सोडताना मी नदीकडे पाहिले नव्हते, रिकाम्या झालेल्या हातांकडे पाहिले होते, इतकेच.

सरांनी कागद घेतले, वाचले, आणि "उद्या बघू" म्हणाले. बंधूंच्या कथेत या खोलीचा उल्लेख कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि नाव न सांगता त्यांनी चारही निबंध वाचले. मग विचारले, "लिहिणारे किती?"

"चार," वर्ग म्हणाला. कोरमची चौकशी करणारा तो मुलगा उठून म्हणाला, "सर, तीन. इतिहास आन् अर्थशास्त्र एकाचंच वाटतंय. दोन्हीत माणूस भांडखोर हाय."

"एकच आहे," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "काल माझ्या डोळ्यांसमोर लिहिले. मी यांच्यावर संशय घेतला होता. तो चुकीचा होता."

मी उभा राहिलो. नमस्कार केला नाही. वाट पाहिली.

सरांना कळले. "आणि यांच्या मुलीवरही," ते म्हणाले. "तोही चुकीचा."

तेव्हा मी बसलो. पुढच्या बाकावर मुलीने मान खाली घातली होती. शेजारची तिच्या पाठीवर थाप मारत होती.

परतताना एसटीत गर्दी होती, तरी आम्हांला शेजारी जागा मिळाली. ती खिडकीबाहेरचा ऊस पाहत होती. मग म्हणाली, "आबा, एक बोलू? अर्थशास्त्राचा निबंध कच्चा हाय तुमचा."

"कच्चा?"

"मागणी सांगितली, पुरवठ्याचं काय? यात्रा नसताना होडीवाला काय करतो, त्ये कुठं हाय? आन् आकृती तर काढलीच न्हाय."

"वेळ होता का मला? डोक्यावर सर बसलेले!"

"मी असते तर काढली असती."

काढली असती, यात शंका नाही. तिने लिहिले असते तर तो निबंध पूर्ण झाला असता. तरी मी हार मानली नाही. होडीवाला उरलेले वर्ष उसाच्या तोडीला जातो हे सांगितले, तिने मग तो हंगामी मजूर धरायचा की मालक, असे विचारले, आणि शेळगावचा फाटा येईपर्यंत आम्ही दोघे पुरवठ्यावरून भांडत राहिलो. कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा उतरलो. घरी ओसरीवर बंधू बसलेले होते. त्यांनी विचारले, "काय झालं तात्या आज कालेजात?"

मुलीनेच उत्तर दिले. "आबांचे निबंध वाचले वर्गात," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला आत गेली.