आजोबांचा प्रोसेसर का तापत होता

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने विचारलं, "आजी, आजोबा हल्ली कॉम्प्युटरचं काहीच का बोलत नाहीत?" आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. प्रश्न रास्त होता आणि अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही. म्हणून तुम्हा दोघांसाठी सविस्तर लिहिते आहे. धाकट्याला मराठी वाचायला जड गेलं तर थोरलीने वाचून दाखवावं.

तुम्ही परदेशी गेलात तेव्हा तुमचा तो काळा, उंच कॉम्प्युटर इथे चिंचवडलाच राहिला. आजोबा तेव्हा कारखान्यात साचे घडवणाऱ्या टूलरूममधून निवृत्त झालेले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता चाकणला स्वतःचं वर्कशॉप चालवतो. ॲल्युमिनियम वितळवून साच्यात घालायचं आणि गाड्यांचे भाग काढायचे, हा त्याचा धंदा. साचा तयार करण्याआधी धातू आत कसा पसरेल, हवा कुठे अडकेल, हे कॉम्प्युटरवर तपासून घ्यावं लागतं. ते काम तो आजोबांकडे आणू लागला. सॉफ्टवेअर त्याचं. पेन ड्राइव्हसारखी एक किल्ली कॉम्प्युटरच्या मागे खोचली की ते चालायचं.

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा भाग यायचा. पण आजोबा रोज नऊला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसत. मी जेवायला हाक मारली की "लंच ब्रेक?" विचारत. घर त्या कामावर अवलंबून नव्हतं. पण त्यांच्या हाताला कंप सुटला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. हे काम सुटलं तर दुसरं कोणी देणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

या एप्रिलमधल्या एका गुरुवारी तो चाकणहून आला. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून तो नेहमी त्याच दिवशी यायचा. हातात घरच्या शेतातली मेथीची जुडी.

"साहेब, ह्यो भाग मोठा हाय. बॅटरीच्या स्कूटरचा. पुढच्या बुधवारी संध्याकाळपत्तुर रिपोर्ट गेला पायजे."

"इतकी घाई?"

"कंपनीवाले ऐकत न्हाईत. म्हणत्यात, रावेतला नवीन पोरांनी हापिस टाकलंय, त्यांच्याकडं द्या. मी म्हणलं, आमचे साहेब हायेत."

"मग साहेब करतील," आजोबा म्हणाले. "चहा घेणार का सुट्टीच्या दिवशीपण पळतोस?"

तो गेल्यावर त्यांनी हिशेब मांडला. भाग कॉम्प्युटरवर उभा करण्यातच दोन दिवस जाणार. शनिवारी तपासणीचं गणित सुरू केलं तर कॉम्प्युटर ते गुरुवारी रात्री संपवणार. एक दिवस उशीर. प्रोसेसरला ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे थोरलीनेच त्यांना मागे समजावलं होतं. तसं केलं की तो फार तापतो, त्याच्यावर मोठा पंखा बसवावा लागतो, हेही तिने बजावलं होतं. तिचं सांगणं बरोबर होतं. त्यांनी त्याच दिवशी प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर मागवला. शुक्रवारी तो आला.

धातूच्या पातळ पात्यांचा तो वीतभर उंच ठोकळा होता. त्याला पंखा, आणि खाली तांब्याचा गुळगुळीत तळ. हा तळ प्रोसेसरला टेकतो आणि उष्णता वर ओढून घेतो. तळावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली होती. आजोबांनी ती सोलली आणि मला हाक मारली. "अगं, बघ काय पॉलिश केलंय! दाढी करता येईल यात." मग डोळ्यात औषध घालून ते आडवे झाले. बसवायचं काम दुसऱ्या दिवशीवर गेलं.

माझ्या घरातली कव्हरं तुम्हाला माहीत आहेत. मिक्सरला कव्हर, रिमोटला पिशवी, आणि सोफ्याचं प्लास्टिक काढू नये म्हणून तुमच्या बाबांशी झालेलं माझं भांडण. शिवाय मी आयुष्यभर तांब्याची भांडी चिंचेने घासली आहेत. नुसतं बोट लागलं तरी तांबं डागाळतं. संध्याकाळी टेबल आवरताना ती पट्टी दिसली. मी ती, एकही बुडबुडा राहू न देता, तळावर परत चिकटवली.

शनिवारी सकाळी त्यांनी कूलर बसवायला घेतला. सूचनांचं पत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. म्हणून मी मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते.

"बसवण्यापूर्वी तळावरची पट्टी काढावी."

"काढली कालच. पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं. माझं बोट ओळीवर होतं आणि दुसऱ्या हातात टॉर्च होता. मला त्या क्षणी आठवलं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आठवलं असतं तर बोलले असते, एवढंच म्हणू शकते. थरथरत्या हातांनी चार स्क्रू आवळायला त्यांना दोन तास लागले.

दुपारी गणित सुरू झालं. दहा मिनिटांत तापमान सत्त्याण्णव अंशांवर गेलं. आजोबांनी कारखान्यातल्यासारखी नोंदवही केली आणि रकाने मी आखले: वेळ, प्रोसेसर, खोली, शेरा. दर अर्ध्या तासाला ते आकडा सांगत आणि मी लिहीत असे. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. त्यामुळे पडद्यावरचा उरलेला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागला. आजोबांनी कॉम्प्युटरची बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. टेबलफॅन लावला. खिडकीला ओली चादर बांधली. सुरू असतानाच व्होल्टेज थोडं उतरवून पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात मी प्रत्येक वेळी "फरक नाही" लिहिलं.

"कूलर नीट टेकला नसेल का?" मी रविवारी विचारलं.

"पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा ते चार स्क्रू. हात सटकला तर बोर्डच जाईल. उन्हाळा आहे गं, दुसरं काय."

सोमवारी त्यांनी वेग मूळ ठिकाणी आणला. तरी आकडा नव्वदच्या खाली येईना. मंगळवारी दुपारी, चाळीस टक्के काम झालेलं असताना, कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा सुरू केला तर तोवरचं काम साठवलेली फाईल उघडेना. म्हणजे सगळं पहिल्यापासून. जुना छोटा पंखा तसाच ठेवला असता तर काम गुरुवारी रात्री संपलं असतं. एका दिवसाची सवलत चाकणवाल्याने हातापाया पडून मिळवली असती.

बुधवारी सकाळी आजोबांनी त्याला फोन केला. "होत नाहीये," एवढंच म्हणाले. तो दुपारीच आला, कामाचा दिवस असूनही.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका. फाईल तेवढी द्या. रावेतवाले उद्या सकाळपत्तुर करून देतो म्हणालेत."

"उद्या सकाळपर्यंत?"

"व्हय. त्यांच्याकडं मशीनच तसली हाय."

आजोबांनी फाईल पेन ड्राइव्हवर घालून दिली. तो चहाला थांबला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जुना पंखा परत लावायला घेतला. कूलर उचलला आणि उजेडात धरला. बसवताना प्रोसेसरवर लावलेली सायीसारखी पेस्ट तळाला चिकटली होती आणि तिच्या कडेला प्लास्टिकचं एक टोक वर आलेलं होतं.

"मी काढली होती," ते म्हणाले. "तुला बोलावून दाखवली होती."

"मी परत लावली. तांबं काळं पडेल म्हणून."

त्यांनी ते टोक नखाने उचलून पाहिलं. मी ओरडा खायला तयार होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो," ते म्हणाले, "दोन भाग जोडण्याआधी दोन्ही तळ बोटाने तपासा. मी कुठे तपासला?"

पट्टी सोलून त्यांनी कूलर पुन्हा बसवला. यावेळी तीन तास लागले. वाढवलेल्या वेगावर, भर दुपारी, आकडा एकाहत्तरच्या वर गेला नाही. त्यांनी लगेच चाकणला फोन लावला.

"सापडलं रे! आता एकाहत्तरवर चालतंय. पुढचा भाग पाठव."

पलीकडचं मला ऐकू आलं, इतका तो मोठ्याने बोलतो. "लई ब्येस झालं साहेब. पण कंपनीनं त्यांच्यासंगंच वर्षाचं ठरवलंय. माझ्या हातात न्हाई राहिलं."

"पट्टीमुळे झालं रे, नुसत्या पट्टीमुळे."

"व्हय साहेब."

पट्टी कोणी लावली, ते आजोबांनी त्याला सांगितलं नाही.

मे महिन्यात त्याचा माणूस ती किल्ली न्यायला आला, ती आता रावेतला हवी होती. आजोबांनी ती स्वतः काढली, रुमालाने पुसली, कागदात गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवड्यानंतर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालणं थांबवलं.

थोरलीने पुढच्या वेळी कॉम्प्युटरचा विषय काढू नये, म्हणून हे सगळं लिहिलं. दोष कोणाचा हे तुम्हाला कळावं, म्हणूनही.

परवा जेवणानंतर त्यांनी मला विचारलं, "दुपारी लोक काय करतात गं?"

"झोपतात," मी म्हटलं.

ते आत जाऊन पडले. पाचला मी चहा घेऊन गेले तेव्हा ते छताकडे बघत होते.