ठेंगण्या दाराचे देऊळ

तळोज्याच्या रासायनिक कारखान्यातून निवृत्त होऊन जयप्रकाश केळुसकर करंजाड्याच्या सदनिकेत स्थिरावले, तेव्हापासून वास्तुदर्शन हेच त्यांचे तीर्थाटन झाले. मदुरेची गोपुरे, विजापूरचा घुमट, अहमदाबादेतील पाषाणाच्या जाळ्या. जेथे जात तेथे आधी भिंतीला तळहात टेकवीत, मगच दृष्टी वर नेत. परतल्यावर शेजारच्या गावातील गावदेवीच्या ओट्यावर बसून तेथल्या वृद्धांना मोबाइलमधली छायाचित्रे दाखवणे, हा त्या यात्रेचा उत्तरार्ध. ते देऊळ कौलारू, सागवानी खांबांचे. आणि दार इतके ठेंगणे की मनात भक्ती नसली तरी मान लवावी.

यंदा तंजावरला एका पुजाऱ्याने सहज विचारले, तुमच्या गावचे देऊळ कसे आहे? जयप्रकाशांनी मोबाइल उघडला. शेकडो शिखरे सरकली. नित्य सहवासातल्या त्या देवळाचे मात्र एकही चित्र निघाले नाही. पुढे बंगळुरूला लेकीकडे दोन-अडीच महिने राहिले, तरी ती रुखरुख गेली नाही. घरी पोहोचताच पिशव्या दारात ठेवून ते निघाले.

"अहो, चहा तरी घ्या," पत्नी अरुणाताई म्हणाल्या. "देऊळ काही पळून जात नाही."

देऊळ तेथे नव्हते.

सिमेंटचे उंच खांब, बांबूंची परांची, खडीचे ढीग. गावकीचे प्रमुख गोटीराम प्रसन्न मुद्रेने सामोरे आले.

"कसा वाटला, सायेब? तुमाला मुद्दाम नाय सांगला. गोपूर मदुरेचा, घुमट इजापूरचा, जाल्या अमदाबादच्या. तुमी दाखवलेला सगला एका जागी. आमची आई काय कोनापेक्षा कमी हाय?"

"पण जुने देऊळ..."

"तुमी सगल्या मुलखाची देवलं वाखानली. या ओट्यावर बसून ह्येचं नाव एकदा तरी काढलंव? आमी समजलो, सायबाला लाज वाटते. मग आमाला बी वाटाया लागली."

जयप्रकाशांनी विचारले, "खांब?"

"लाकूड बरा होता. भंडाऱ्याला चुलीत घातला. भात मस्त शिजला."

"एखादे छायाचित्र तरी असेल गावात कुणाकडे?"

गोटीराम चकित झाले. "रोजच्या देवलाचा फोटू कोन काढतो, सायेब? इतकं फिरता, तुमच्याकडं नाय, तं आमच्याकडं कुठून?" मग त्यांनी आदराने जयप्रकाशांचा दंड धरला. "या. मार्गदर्शक म्हनून तुमचं नाव कोरायचं हाय, दगड कुठं बसवायचा ते तुमीच सांगा."

नवे दार असे की हत्ती अंबारीसह आत जावा. त्यातून जाताना जयप्रकाशांची मान जुन्या उंचीच्या अंदाजाने आपसूक लवली.

"आता वाकाया नको," गोटीराम हसून म्हणाले.

जयप्रकाशांना मान वर करता आली नाही.