काय तपासायचं राहिलं

आमच्या परिषदेच्या सल्लागार समितीत मी शिरले ती भांडूनच. चिप आणि बिनतारी तंत्रज्ञानाची ही परिषद दरवर्षी बेंगळुरूत भरते. तिच्यात कुणी बोलायचं, कशावर बोलायचं आणि कुणाला नारळ द्यायचा, हे आम्ही काही जण हेब्बाळच्या एका ऑफिसात बसून ठरवतो. तज्ज्ञ म्हणतात आम्हाला. मी आयुष्यभर रेडिओच्या चिपा काढल्या, त्यामुळे मीही तज्ज्ञच. इलेक्ट्रॉनिक सिटीहून हेब्बाळ म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं, आणि तेही इथल्या ट्रॅफिकमधून. तरी मी बैठक चुकवत नसे, कारण तिथे अण्णा असायचे.

अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून या मुलखातलं. घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कानडी. माझ्या पुणेरी मराठीला ते हसत आणि मला तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. बिनतारी यंत्रांतून लहरी नीट बाहेर पडतात की नाही, हे ते तपासून देत. मोठमोठ्या कंपन्या आपली यंत्रं त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुपचूप पाठवत आणि बाहेर मात्र आमची अद्ययावत लॅब आहे म्हणून सांगत.

परिषदेचा शेवटचा तास अण्णांचा असे. हा पहिल्या वर्षापासूनचा शिरस्ता. त्या तासाला पडदा नाही, स्लाइड नाहीत, गुळगुळीत इंग्रजी नाही. आपली फसलेली वस्तू सोबत आणायची, स्टीलच्या एका ताटात ठेवायची, ते ताट सभागृहात हातोहात फिरवायचं आणि काय झालं ते सांगायचं. ताट अण्णांच्या घरचं. ऐकणाऱ्यांनी प्रश्न एकच विचारायचा: काय तपासायचं राहिलं? चूक कुणाची, असं कुणी विचारलं तर अण्णा त्याला सरळ खाली बसवत. माझीही एक जळकी चिप त्या ताटातून फिरली आहे. लाज वाटली होती, पण रात्री झोप छान लागली.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्यांना कंपवात झाला. हात थरथरत, चालताना तोल जाई. मूलबाळ नव्हतं आणि अण्णा दिवसभर पीण्यात. म्हणून अण्णांनी त्यांच्यासाठी गळ्यात घालायचं एक यंत्र केलं, पेढ्याएवढं. माणूस पडला, किंवा त्याने बटण दाबलं, की ते हॉलमधल्या एका डब्याला कळवायचं. मग डबा वाजायचा आणि अण्णांच्या फोनवर निरोप धाडायचा. अक्का मला म्हणाल्या, "बघ, गाईला घंटा बांधल्यासारखी मला बांधली यांनी." पण घालत मात्र नेमाने, मंगळसूत्राच्या शेजारी.

त्या दिवशी समितीची बैठक होती. अण्णांनी फोन टेबलावर, बिस्किटांच्या बशीजवळ, उघडा ठेवला होता. मी शेजारी बसले होते. मध्येच मला म्हणाले, "बघ तंगी, गप्प आहे म्हणजे ती बरी आहे." बैठक लांबली. उद्घाटनाचं भाषण कुणाला द्यायचं यावरून आम्ही तज्ज्ञ मंडळी भाजीबाजारात भांडावं तसे भांडत होतो, आणि त्यात माझाही आवाज कमी नव्हता. फोन शेवटपर्यंत गप्पच होता.

अण्णा घरी गेले तेव्हा अक्का न्हाणीघरात पालथ्या पडलेल्या होत्या. दुपारी कामवाली येऊन बेल वाजवून परत गेली होती. तिला वाटलं, झोपल्या असतील. डॉक्टर म्हणाले की त्या लगेच गेलेल्या नाहीत. कुणी वेळेत पोचलं असतं तर वाचल्या असत्या. डॉक्टरांनी हे सांगायलाच हवं होतं का, हे मला आजही कळत नाही.

दिवस झाल्यावर अण्णांनी मला घरी बोलावलं. न्हाणीघराची फरशी त्यांनी मुद्दाम ओली केली होती. यंत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "तंगी, स्वल्प पालथी पड इथे." मी साडीनिशी त्या ओल्या फरशीवर पडले, छातीखाली यंत्र घेतलं आणि बटण दाबलं. हॉलमधला डबा वाजला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. कुशीवर वळले मात्र, डबा लगेच वाजायला लागला.

मला उठवेना. वरून अंगाचा भार, खालून पाणी. लहर बिचारी जाणार कुठे? अंग लहरी पिऊन टाकतं, हे तर आम्ही कॉलेजच्या पोरांना शिकवतो. अण्णांनी काही कमी चाचण्या घेतल्या नव्हत्या. मिठाच्या पाण्याने भरलेला माणसाएवढा बाहुला होता त्यांच्याकडे. त्याच्या गळ्यात यंत्र घालून त्याला उभा केला, बसवला, भिंतीआड ठेवला, ढकलूनही दिला. पण ढकलला तो दरवेळी पाठीवर. कारण यंत्र छातीवर होतं, मोठ्या मेहनतीने हाताने जोडलेलं, आणि ते फुटू नये एवढी काळजी सगळ्यांना होती. यंत्राला जपण्याच्या नादात पालथं पडणारं माणूस कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही लॅबमध्ये आम्ही असंच करत आलो आहोत.

न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून अण्णा म्हणाले, "ती दाबत राहिली असणार बटण. मी बिस्किटं खात होतो."

पुढच्या परिषदेच्या बैठकीत त्यांनी आपला तास स्वतःसाठी मागितला. त्यांना अक्कांचं यंत्र ताटात ठेवून फिरवायचं होतं. अशी यंत्रं आता बरेच जण करायला लागले होते, म्हाताऱ्यांच्या गळ्यात ती पडायला लागली होती, आणि बहुतेकांनी लहर सोडणारी अँटेना तशीच, छातीवर येईल अशी बसवली होती. करणारे सगळे त्या सभागृहात येणार होते. त्यांना हे सांगायचं, एवढंच अण्णांना हवं होतं.

पण समिती बदलली होती. परिषदेला पैसा पुरवणारी एक कंपनी तसलंच यंत्र त्याच परिषदेत बाजारात आणणार होती. कुणी म्हणालं, वकील परवानगी देणार नाहीत. कुणी म्हणालं, फसलेल्या गोष्टींनी वातावरण जड होतं, तो तासच आता काढून टाकू. मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की समोरच्यांना माझं म्हणणं ऐकू येईनासं होतं, हा माझा जुना अनुभव. मग पुण्याहून आलेला एक तरुण सल्लागार, हुशार आणि वागायला गोड, आपुलकीने मराठीत म्हणाला, "सर, आय अंडरस्टँड, पण हा डेटा होत नाही ना. सॅम्पल साइज एक आहे."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "होय की. एकच होती."

मग अध्यक्षांनी सुचवलं की अण्णांच्या एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल उद्घाटनालाच त्यांचा सत्कार करावा. सगळ्यांचे चेहरे उजळले. तोंड बंद करायला शाल फार सोयीची असते. अण्णा फक्त "सरी" म्हणाले, म्हणजे कानडीत बरं, आणि मी लिफ्टमध्ये त्यांच्यावरच उखडले. "नाही म्हणायचं होतं तोंडावर!" तर ते शांतपणे म्हणाले, "बेडा म्हटलं असतं तर दारातूनच गेलो असतो तंगी. सत्कार म्हणजे स्टेज मिळतं. तू डबा घेऊन मागे बस."

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. अण्णांच्या डोक्यावर म्हैसूर पेटा चढवला, अंगावर शाल, गळ्यात चंदनाचा हार. आभाराचे दोन शब्द बोला म्हणून हातात माइक दिला. मी शेवटच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसले होते.

अण्णांनी खिशातून यंत्र काढलं. "हे माझ्या बायकोचं," ते इंग्रजीत म्हणाले. "माणूस पडलं की हे सांगतं." बटण दाबलं. माझ्या मांडीवरचा डबा खणखणीत वाजला, लोकांनी माना वळवून पाहिलं आणि कौतुकाने टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, "आता बघा." माइक त्यांनी खाली ठेवला. मग खुर्चीचा आधार घेत आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि यंत्र मुठीत धरून, मूठ छातीखाली घेऊन ते स्टेजवर पालथे झाले. पेटा घरंगळत कडेला गेला.

सगळे धावले. सॅम्पल साइजवाला सर्वांत आधी पोचला, "सर! सर!" करत. कुणी डॉक्टर डॉक्टर म्हणून ओरडलं, कुणी पाणी आणलं, पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. काही क्षणांत त्यांच्याभोवती एवढी माणसं जमली, आणि मला न्हाणीघरातल्या अक्का आठवल्या. मी खुर्चीवर चढले, डबा डोक्यावर धरला आणि घसा फाडून ओरडले, "ते बरे आहेत! इकडे बघा! वाजत नाहीये हा!" एकाचीही मान वळली नाही.

मग चौघांनी मिळून अण्णांना उताणं केलं. मुठीतलं बटण त्यांनी दाबूनच धरलं होतं. डबा माझ्या हातात वाजायला लागला.

आता मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णांचे डोळे उघडे आहेत, ते ठीक आहेत, असं कळलं तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कंपनीचा माणूस माइक उचलून हसत म्हणाला, "पाहिलंत? माणूस पडला आणि यंत्राने सांगितलं!" सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी उभं राहून. मी धक्के देत स्टेजपर्यंत पोचले तोवर पुढच्या वक्त्याची पहिली स्लाइड पडद्यावर आली होती.

अण्णा अजून खालीच बसले होते, शाल सावरत. त्यांनी मला विचारलं, "तंगी, कळलं काय कुणाला?"

मला खोटं बोलता आलं नाही.