गाढवावरचा तंबू

पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला कायमची मनाई केली. वाळूजच्या कारखान्यात मला बसून करायचं काम मिळालं, पण डोंगरावरच्या मुक्कामाचं काय? दर हिवाळ्यात आम्ही कारखान्यातले काहीजण फर्दापूरच्या बाजूला डोंगरावर तंबू टाकून राहायचो. यंदा आमच्या म्होरक्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत सांगितलं, "ज्याचं सामान त्यानं वर न्यायचं. जमत नसंल तर घरी बसावं." बघत होता माझ्याकडेच.

"मी येणार," मी म्हटलं.

फर्दापूरला माझी मावशी राहते. तिच्या शेजारची म्हातारी गाढवावरून वीटभट्टीची माती वाहते. तिला गाठलं, तर म्हणाली, "गाढव एकटं नाय देणार. मी बी येते."

पायथ्याशी आम्हाला बघून सगळे खो-खो हसले. एकानं फोटो काढला. गाढवावरून धिंड काढतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? आईनं आदल्या दिवशी फोनवर तेच बजावलं होतं, "लोकांत तोंड दाखवायची सोय ठेव." मी ओढणी कमरेला खोचली, दोरी हातात घेतली आणि सगळ्यांच्या पुढं निघाले.

अर्ध्या चढावर गाढव थांबलं. काही केल्या हलेना.

"सोड ते. आम्ही नेतो तुझा तंबू," म्होरक्या म्हणाला. आवाजात दया होती. तीच मला झोंबली.

"तुम्ही व्हा पुढं," म्हणून मी तिथंच दगडावर बसले. म्हातारीनं गाठी सोडल्या. ओझं एका कुशीला कललं होतं, दोरी पोटाला काचत होती. पुन्हा नीट बांधल्यावर गाढव आपणहून चालू लागलं.

आम्ही वर पोचलो तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता. पातेल्यातला उरलेला आम्हाला मिळाला.

"पुढच्या वेळी जनावर नको," म्होरक्या म्हणाला. "ट्रेकची मजा जाते."

"माझं सामान वर आलं का नाय? नियम तेवढाच होता."

म्हातारीनं खुंट्या ठोकल्या, मी तंबूच्या दोऱ्या ताणल्या.

सकाळी उतरताना फोटो काढणारा आपली सॅक घेऊन म्हातारीकडं आला. "मावशी, एवढी खाली नेता का?"

म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं. "हिला विचार. आज गाढव हिचं हाय."

"नाही," मी म्हटलं. तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात गाढव आणू का, हे मी म्होरक्याला विचारलंच नाही. सरळ म्हातारीला फोन लावला.

"ये की," ती म्हणाली. "पण साखर जास्ती आण. तुमची लोकं लई फिका चहा करतात."