फळ्यावरची शेवटची जागा

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला माझा टायपिंगचा क्लास होता. बोटं चुकीच्या कळीवर पडली की मी पट्टी आपटायची, त्यामुळे गावात माझी ओळख 'पट्टीवाल्या मॅडम' अशी होती आणि मला तिचा मनातून अभिमानच वाटायचा. पुढे टाइपरायटरचे दिवस भरत आले तेव्हा मी एक कॉम्प्युटर घेतला. मला त्यातलं पत्र टाइप करण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण पाटीवर 'कॉम्प्युटर क्लास' असं रंगवून घेतलं होतं, तेव्हा येत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीतली एक मुलगी आणि तिची हॉस्टेलमधली मैत्रीण माझ्याकडे आल्या. दोघी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या, सुट्टीत करायला काही नव्हतं आणि घरात बसून पापड लाटायचे नव्हते. दुपारी मशीन मोकळं असेल तर वापरू द्या, म्हणाल्या. मी दिलं. दोन महिने त्या कूलरसमोर बसून काहीतरी खुडखुडत राहिल्या आणि सुट्टी संपता संपता त्यांनी मला 'फळा' दाखवला.

फळा म्हणजे काय, ते सांगते. ज्याच्याकडे कॉम्प्युटर, टेलिफोन आणि मोडेम नावाचा किंचाळणारा डबा असेल त्याने माझ्या क्लासचा नंबर फिरवायचा. माझं मशीन ते उचलणार. मग समोरच्याच्या पडद्यावर आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेले निरोप दिसणार आणि त्याला आपला निरोप खाली लिहिता येणार, तोही मराठीत. अक्षरं त्या पोरींनी एकेक ठिपका मांडून स्वतः बनवली होती. रफार जरा डोक्यावरून घसरल्यासारखा दिसायचा, पण वाचता यायचं. एका वेळी एकच माणूस आत येऊ शकायचा, देवळातल्या गाभाऱ्यात जावं तसा.

जाताना त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला एक कागद चिकटवला. आधी काय चालू करायचं, मग काय, वीज गेली तर काय, असं सगळं ओळीने लिहिलेलं. सगळ्यात खाली होतं, 'निरोप ९९९९ पर्यंत बसतात. पुढचं पुढं पाहू.'

मला वाटलं होतं, चार दिवसांचं कौतुक आहे. पण फळा रुजला. मोताळ्याचे एक डॉक्टर, इथल्या कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर, आणखी दोन-चार हौशी माणसं आपापल्या वेळा ठरवून यायला लागली. डॉक्टर सकाळी लिहायचे, की आज दवाखाना उशिरा उघडेल. मॅनेजर जगातल्या कुठल्याही विषयावर लिहायचे. आणि बरोबर अकरा वाजता वरवट बकालचे गुरुजी यायचे.

गुरुजी निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या मुलाचं बियाण्यांचं दुकान होतं, तिथे हे मशीन होतं. गुरुजींचे दोन्ही कान पार गेलेले. बोलणं खणखणीत, पण समोरच्याचं एक अक्षर कानात शिरत नसे. गळ्यातल्या पिशवीत पाटी-पेन्सिल घेऊन हिंडायचे, ज्याला बोलायचं त्याने पाटीवर लिहायचं. लोक एकदा लिहितात, दोनदा लिहितात, तिसऱ्यांदा हातानेच खूण करून निघून जातात. फळ्यावर मात्र सगळेच लिहूनच बोलायचे. तिथे गुरुजी बहिरे नव्हते. रोज त्यांचा पहिला निरोप असायचा, 'राम राम. आज सातपुडा दिसला नाही' किंवा 'राम राम. आज डोंगर धुतल्यासारखा आहे.' मग डॉक्टर त्यांना राम राम करणार, मॅनेजर करणार, मी पण करणार. त्यांची सून फोनवर म्हणायची की अकरा वाजायच्या आधी सासरे दाढी करून, टोपी घालून तयार असतात.

दोन वर्षं अशी गेली. दरम्यान एक मुलगी नोकरीला बंगलोरला गेली, तिला लिहिलेलं पत्र 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. आमच्या गल्लीतली लग्न होऊन अमेरिकेला गेली. फळा बिघडला की मी तो कागद वाचायची आणि कागदात नसेल तर देवाचं नाव घेऊन मशीन बंद करून चालू करायची. एकदा एक फाईल नको असेल असं वाटून हलवली, तर दिवसभर फळा उठलाच नाही. घामाने न्हाऊन निघाले. फाईल होती तिथे ठेवली आणि पुन्हा कशाला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली.

एक दिवस निरोपाचा आकडा नऊ हजारांच्या वर दिसला आणि कागदावरची ती शेवटची ओळ माझ्या डोळ्यांत सुईसारखी शिरली. पुढचं पुढं पाहू. आता पुढचं आलं होतं आणि पाहणाऱ्या दोघी परागंदा.

मी तणतणत त्या मुलीच्या घरी गेले. तिची आई गव्हातले खडे निवडत होती.

"तुमच्या लेकीले लिहा," मी म्हटलं, "फळा भरत आला. पुसायचा कसा, ते सांग म्हणा."

"लिहितो मॅडम," ती म्हणाली. "काऊन, लय खराबी झाली का?"

"झाली नाही, होनार हाय."

महिन्याभराने ती माउली निळं पाकीट घेऊन क्लासात आली. पोरीने लिहिलं होतं, 'मॅडमना सांग, पुसायची सोय आम्ही केलीच नव्हती. सुट्टी संपली ना. आणि आता मला त्यातलं काही आठवत नाही. माझ्याकडे त्याची प्रतही नाही. फळा अजून चालू आहे हे वाचून मला रडू आलं.'

रडू कसलं येतं, म्हणून मी आणखीच भडकले. पण ती आई उभीच होती. म्हणाली, "वीस वर्साच्या होत्या हो दोघी. खेळ खेळल्या अन् गेल्या. त्यायले काय मालूम, तुम्ही त्याच्यावर संसार मांडसान!"

ते खरं होतं. पोरींनी भातुकली मांडली होती आणि आम्ही पोक्त माणसं तिच्यात रोजचं जेवायला बसलो होतो.

पण मूळ स्वभाव जातो थोडाच? मी फळ्याचे सगळे निरोप पहिल्यापासून वाचून काढले आणि डोक्याला हात लावला. निम्म्याहून जास्त जागा नुसत्या 'राम राम'ने खाल्ली होती. आमच्याकडे माणूस कुणाच्या दारातून राम राम केल्याशिवाय आत येत नाही आणि केल्याशिवाय उठत नाही. लोकांनी फळ्यालाही दारच समजून घेतलं होतं. आल्यावर एक राम राम, त्याचा वेगळा निरोप. मग काम. मग जाताना पुन्हा एक. त्याला उत्तर म्हणून तिसऱ्याचा. आणि कुणी काही विचारलं तर दुसऱ्या दिवशी नुसतं 'हाव', म्हणजे हो, त्यालाही एक अख्खी जागा.

मी रेशनच्या दुकानात लावतात तशा भाषेत लिहून टाकलं, 'जागा संपत आली आहे. राम राम लिहून जागा अडवू नये. कामाचं असेल तेवढंच लिहावं.'

डॉक्टर लगेच तारेसारखं लिहायला लागले. मॅनेजरनी रुसून एकच निरोप टाकला, 'मॅडम, राम राम बी बंद? मंग आपण मानसं हाओत का मुके जनावरं?' आणि गुरुजींचा निरोप येणं थांबलं.

पहिले दोन-तीन दिवस माझ्या लक्षातच आलं नाही. मला तर आकडा जागच्या जागी राहिल्याचा आनंद होता. मग एका सकाळी अकरा वाजता मोडेम किंचाळला, कुणीतरी आत आलं, पाऊण तास राहिलं आणि काही न लिहिता गेलं. दुसऱ्या दिवशी तसंच. कोण येतं ते मला कळलं.

रविवारी दोन एसट्या बदलून मी वरवटला गेले. गुरुजी दुकानाच्या मागच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. दाढी केलेली, टोपी घातलेली. फळ्याचे जुने निरोप एकेक करून वर सरकवत होते, दीड वर्षापूर्वीचे. मला पाहून उठले, पाटी पुढे केली. मी लिहिलं, 'तुम्ही लिहीत का नाही?'

"तुम्हीच म्हन्ल्या ना, जागा कमी हाय," गुरुजी म्हणाले. "डाक्टरच्या निरोपानं कोनाचं पोरगं बरं होते. माह्या डोंगराचं काय काम? मी कायले कोनाची जागा खाऊ? वाचून राह्यलो ना मी. वाचाले तं जागा लागत नाही."

जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. सगळ्या जिल्ह्यात ज्या एका माणसाला त्या फळ्याची खरी गरज होती, त्याचंच तोंड मी बंद केलं होतं. बाकीच्यांना काय, फोन होते, कान होते. सुनेने आणलेला चहा उभ्या उभ्या घेतला आणि स्टँड गाठला.

परत आल्यावर पहिलं काम हे केलं. फळ्यावर लिहिलं, 'माझं चुकलं. राम राम चालू करावा. राहिलेली जागा आधी गुरुजींची.' डॉक्टर आणि मॅनेजर शहाणी माणसं. आपलं कामाचं ते फोनवर बोलायला लागले आणि फळ्यावर फक्त गुरुजींशी बोलायला यायचे. डोंगर पुन्हा दिसायला लागला. कधी निळा, कधी वणवा लागलेला. आकडा वाढताना आता मी मोजणं सोडून दिलं होतं, म्हणजे सोडल्यासारखं दाखवत होते.

नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णवावा निरोप गुरुजींचा होता. तो मला पाठ आहे. 'राम राम. एक जागा उरली. ती कोणी घेऊ नये. अंगण त्या दोन पोरींचं, आपण नुसते बसलो. त्या राम राम न करता गेल्या. त्यातली एखादी येईल, करेल, मग आपण उठू.'

कुणी घेतली नाही. ती एक जागा तशीच राहिली आणि तिच्यासाठी मी ते मशीन वर्षभर जिवंत ठेवलं. क्लासात नवीन कॉम्प्युटर आले, रंगीत पडद्याचे. जुनं कोपऱ्यात, वर मी विणलेला रुमाल, फोनची तार तशीच जोडलेली. विद्यार्थी हसायचे, मी पट्टी दाखवायची. आम्ही गुरुजींना पोस्टकार्डं टाकायचो, पण कार्ड जाऊन उत्तर येईस्तोवर डोंगराचा रंग बदललेला असायचा. अकराला मोडेम मात्र रोज किंचाळायचा. गुरुजी येऊन वाचून जायचे, जागा रिकामी आहे का बघून जायचे.

ती मुलगी थंडीत माहेरी आली. आईनेच तिला हाताला धरून क्लासात आणलं. तिला काय काय सुनवायचं ते मी वर्षभर घोकून ठेवलं होतं. पण ती दारातच थबकली, कोपऱ्यातल्या मशीनजवळ गेली आणि डब्यावरच्या पिवळ्या पडलेल्या कागदावरून बोट फिरवत राहिली. माझा सगळा राग तिथेच विरला.

"मॅडम, मला खरंच काही करता येणार नाही यात," ती म्हणाली.

"तुले काही करायचं नाही," मी म्हटलं. "फक्त राम राम कर."

ती खुर्चीवर बसली. शेवटचा निरोप वाचला. पुन्हा वाचला. मग दोन बोटांनी, मी शिकवलं असतं तर पट्टी खाल्ली असती अशा पद्धतीने, 'राम राम' लिहिलं आणि कळ दाबली. पडदा क्षणभर काळा झाला. मग तिच्याच हाताने बनवलेल्या त्या वाकड्या अक्षरांत, मोठं मोठं, पूर्वी कधीच न दिसलेलं काहीतरी उमटलं.

'फळा भरला. आता भेटाले या.'

"हे आम्ही लिहिलं होतं?" ती मला विचारत होती. "मॅडम, हे कधी लिहिलं आम्ही?" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिची आई पदराने पडदाच पुसायला निघाली.

साडेदहा झाले होते. फळा चालूच ठेवून मी आणि ती मुलगी तशाच स्टँडवर गेलो.

वरवटला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दुकानाच्या बाहेर ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, वर धुतलेली चादर टाकून. गुरुजी शेजारी उभे होते, नवी टोपी घालून. अकराला त्यांनी फळा वाचला होता. म्हणजे अकरापासून ते असे उभे होते.

त्यांनी मला नमस्कार केला, मुलीकडे पाहिलं आणि काही न विचारता पाटी तिच्या हातात दिली. तिला बोलायचं तर खूप होतं. ती खुर्चीवर बसली, पेन्सिल घेतली. मग तिने अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, जागा वाचवून लिहिलं, 'राम राम.'

गुरुजींनी ते वाचलं. मग सदऱ्याच्या बाहीने अख्खी पाटी पुसली आणि पुन्हा तिच्यापुढे धरली.

"मोठं लिही वं पोरी," ते म्हणाले. "हे पुसता येते."