चाखलेलं पाणी

गिल्बर्टदादा गोराईचा तांडेल. चाळीस वर्षं बोट हाकलेला माणूस आता दिवसभर ओट्यावर बसतो, तांब्यातलं पाणी घोट घोट चाखतो आणि थुंकतो. नवखा म्हणेल, डोकं फिरलंय. मी शेजारी, त्याच्या बोटीचं इंजिन मीच दुरुस्त करायचो. मला तसं म्हणवत नाही.

बर्फ भरून निघालं की बोटीच्या खणात पाणी साचतंच. ते वितळलेल्या बर्फाचं की फळ्यांतून आत येणारं, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून तांडेल ते चाखतो. गोडं लागलं तर उपसायचं, खारट लागलं तर सरळ किनारा गाठायचा. आणि चाखेपर्यंत तांडेलानं तोंडाला मीठ लावायचं नाही, नाहीतर खारंही गोडं लागतं. हा नेम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळ नुकताच उलटला होता. बोटीवर चौघं होते, दादा, त्याचा धाकटा भाऊ लेस्टर आणि दोन खलाशी. दुपारी लेस्टर खणातून ओरडला, "दादा, पाणी जास्त वाटतंय रे!" दादानं ओंजळीत घेऊन चाखलं. "गोडं आहे. उपस तू." तासाभरात बोट मागच्या बाजूनं बुडाली. दादा आणि खलाशी पिंपाला धरून तरले, त्यांना दुसऱ्या बोटीनं उचललं. लेस्टर खणात पाणी उपसत होता. तो सापडला नाही, बोटही नाही.

तेव्हापासून दादाला सगळंच पाणी खारट लागतं. नळाचं, बाटलीतलं, पावसाचंसुद्धा. बोरिवलीचे दोन डॉक्टर झाले, जिभेला काही झालेलं नाही म्हणाले. फक्त लेस्टरची बायको फ्रेडा सुक्या बोंबलाची चटणी करते, ती खाल्ली की घोटभर पाणी गोडं लागतं. म्हणून ती बिचारी दर रविवारी मिस्सा झाली की डबा घेऊन येते. दादा तो डबा चोरून आणल्यासारखा उघडायचा. मला ते बघून कसंतरीच व्हायचं, खरं सांगतो.

परवाच्या रविवारी मी तिथेच होतो. फ्रेडानं दादासाठी ग्लास भरला, डब्याचं झाकण काढलं आणि म्हणाली, "त्या दिवशीपण मी हीच दिलेली ना. लेस्टरनं खाल्ली होती का, दादा? उपाशी गेला की काय, तेच सारखं डोक्यात येतं."

हो म्हण रे बाबा, मी मनात म्हणालो. एका शब्दाचं तर काम होतं.

"नाही गं," दादा म्हणाला. "सगळी मीच खाल्ली." मग खाली बघून, "पाणी चाखायच्या आधी."

फ्रेडा मासेमारांच्याच घरात वाढलेली. पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं झाकण लावलं, दोनदा दाबलं. समोरचा ग्लास तिनंच उचलला. एक घोट घेऊन थांबली.

"खारट आहे," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून ग्लास घेऊन चाखलं. साधं नळाचं पाणी. दादानं ग्लास ओढून घेतला, चटणीला न शिवता उरलेलं पाणी घटाघटा प्यायला आणि रडायला लागला.

"गोडं आहे गं," तो म्हणाला. "गोडं आहे."

फ्रेडा पदरानं जीभ पुसत होती.